९ मिमीच्या काही पुंगळ्यांत प्रायमर बसता बसेना: क्रिम्प, की आणखी काही?

भगूरकर_ऑस्टिन
मंडळी, नेमबाजी विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. आधी नेहमीची पाटी लावून टाकतो: मी टेक्सासात असतो, ग्रीन कार्ड आहे, झाडलेल्या पुंगळ्यांत नवा प्रायमर (बुडात बसणारी, ठोक्याने पेटणारी टोपी), पावडर आणि गोळी घालून काडतुसं स्वतःच्या सरावापुरती आणि यूएसपीएसए (इथली नेमबाजी स्पर्धांची संघटना) मॅचपुरती परत भरतो. कोणती पावडर, किती ग्रेन हे इथे कुणी विचारू नये. त्यासाठी पावडर कंपन्यांची पुस्तकं आहेत.

तर अडचण अशी. क्लबच्या रेंजवरून ९ मिमीच्या पुंगळ्यांची एक मोठी बादली मिळाली. सगळी सरमिसळ, कुणी कधी झाडल्या देवाला ठाऊक. धुऊन, टंबल करून (यंत्रात घोळवून) डिलन ५५० या भरायच्या मशीनवर घेतल्या. चार-पाच पुंगळ्या लोण्यासारख्या जातात आणि मग एखादीला दांडा पुढे ढकलताना हाताला धोंडा लागल्यासारखं होतं. जोर लावला की प्रायमर एकतर तिरका चेपतो, नाहीतर कड सोलून अर्धवट वर राहतो. सगळ्यांचं तसं असतं तर मशीनची सेटिंग बिघडली म्हटलं असतं, पण हे मधूनच होतं.

रीमर (कड कापणारं अवजार) घ्यावा की स्वेजर (कड दाबून सरकवणारं)? की दुसरंच काही तपासायचं राहिलंय?

खडकी_बाजार
भाऊ, अवजार घ्यायच्या आधी पुंगळीचं बूड बघा. हेडस्टॅम्प (बुडावरचे ठसे) काय काय आहेत? वर्तुळात अधिकचं चिन्ह दिसलं की ती नाटोची. ‘डब्ल्यूसीसी’ किंवा ‘विन’ आणि शेजारी सालाचे दोन आकडे असले तर लष्करी माल समजा, त्याला प्रायमरभोवती क्रिम्प असणारच. म्हणजे कारखान्यात प्रायमर बसवल्यावर पॉकेटच्या (प्रायमर बसतो त्या खड्ड्याच्या) तोंडाचं पितळ आतल्या बाजूला दाबलेलं असतं. झाडल्यावर जुना प्रायमर पिनने ढकलून निघतो, पण दाबलेली कड तशीच राहते. नवा प्रायमर त्या कडेवर अडतो.

लष्कर हे हौस म्हणून करत नाही. सबमशीनगनमध्ये एखादा प्रायमर निसटून यंत्रणेत पडला तर हत्यार ऐन वेळी अडकतं. आमचे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते (१८६९ची आहे ती, पुण्यातले निम्मे लोक रोज शेजारून जातात आणि आत काय चालतं याचा पत्ता नसतो). त्यांचं म्हणणं असायचं की लष्करी काडतूस एकदाच वापरायच्या हिशेबाने बनतं, पुन्हा भरणाऱ्याची सोय बघणं कारखान्याचं कामच नाही.

फुकटचा_सल्ला
९ मिमी ना? अडली की फेका. रेंजवर झाडू मारला की पोतंभर मिळतात. पुढचा प्रश्न. 😀

सोलापुरी_चादर
+१. भंगारात पितळाला भाव चांगला आहे.

स्नेहल_ओहायो
फेकायचं तर नंतर फेका, पण आधी भगूरकरांनी एक लिहून ठेवावं. पुंगळी अडली की जोर वाढवायचा नाही. डिलनच्या नळीत एकावर एक शंभर प्रायमर उभे असतात. बाहेर पोलादी आवरण असतं ते शोभेला नव्हे. अडलेल्या प्रायमरवर दांडा रेटायचा म्हणजे त्या नळीच्या पायथ्याशी स्फोटक चिरडायचं. दांडा मागे घ्या, पुंगळी काढा, बाजूच्या डब्यात टाका. चष्मा तर डोळ्यावर हवाच.

दुसरं, वर राहिलेला प्रायमर ‘चालून जाईल’ म्हणून भरू नका. मी रिव्हॉल्वर चालवते. तिथे तर प्रायमर केसभर जरी वर असला तरी मागच्या पत्र्याला घासतो आणि सिलिंडर फिरेनासा होतो. पिस्तुलात वेगळंच नाटक. पहिला ठोका प्रायमरला खाली बसवण्यात खर्ची पडतो आणि गोळी सुटत नाही. हॅमरवाल्यांना दुसरा ठोका मारता येतो, स्ट्रायकरवाले स्लाइड ओढत बसतात आणि दोष पिस्तुलाला देतात.

भगूरकर_ऑस्टिन
ताई, नोंद केली. नळी काढून ठेवली आहे, सध्या हाताच्या प्रायमिंग टूलनेच एकेक बघतोय.

खडकीभाऊंच्या सांगण्यावरून रात्री जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून भिंग घेऊन बसलो. अडलेल्या पुंगळ्यांचे तीन ढीग पडले.

पहिला: नाटो चिन्हवाल्या. भिंगाखाली पॉकेटच्या तोंडाशी गोल खाच स्पष्ट दिसते आणि तिच्या आत पितळ जरा पुढे आलेलं. टाचणीचं टोक आतून वर ओढलं की त्या कडेला अडकतं.

दुसरा: पॉकेटभोवती लालसर कडं. मला आधी तेही क्रिम्पच वाटलं होतं.

तिसरा: साध्या, बाजारू, युरोपातल्या. ना खाच, ना कडं. पॉकेट स्वच्छ. टाचणी अडत नाही. तरी प्रायमर कमालीचा घट्ट जातो, शेवटी बसतो मात्र. कंपनीचं नाव लिहीत नाही, मागच्या वेळी त्यावरून इथे पानिपत झालं होतं.

तिसऱ्या ढिगाचं काय करू?

कॅलिपर_काका
छान केलंत. निम्मे लोक हे न बघताच रीमर मागवतात आणि चांगल्या पुंगळ्यांची पॉकेट उकरून ठेवतात.

दुसऱ्या ढिगाचं सोपं आहे. ते लालसर कडं म्हणजे सीलंट, लाखेसारखा थर. ओलावा आत जाऊ नये म्हणून लावतात. त्याखाली क्रिम्प असेलच असं नाही, नसेलच असंही नाही. ॲसिटोनमध्ये कापूस भिजवून पुसा आणि मग टाचणी फिरवा.

तिसऱ्यासाठी थोडं गणित. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काढलं, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या. छोट्या प्रायमरचा व्यास साधारण ०.१७५ इंच. पॉकेट त्याहून किंचित लहान ठेवलेलं असतं, फरक इंचाच्या एक-दोन हजारांशाचा. त्या फरकावरच प्रायमर धरून राहतो, त्यालाच आपण प्रेस फिट म्हणतो. प्रायमर आणि पॉकेट दोघांनाही आपापली सूट असते. पॉकेट खालच्या टोकाला आणि प्रायमर वरच्या टोकाला अशी जोडी जमली की दोन्ही वस्तू नियमात असूनही हाताला दगड लागतो. म्हणून तुमच्या तिसऱ्या ढिगात पुंगळी ‘खराब’ आहे असं म्हणू नका. दुसऱ्या मेकचा प्रायमर घालून बघा. बऱ्याच वेळा तेवढ्याने प्रश्न मिटतो.

आणि पॉकेटच्या तोंडाशी गोलाई किती आहे तेही बघा. काही पुंगळ्यांच्या तोंडाला नीट उतार असतो, प्रायमर आपोआप मध्यावर येतो. काहींचं तोंड काटकोनात, धारदार. तिथे प्रायमर जरासा तिरका आला की कड सोललीच. हा क्रिम्प नव्हे, पण त्रास तोच. तिथे उतार काढायच्या हातहत्याराचा एक हलका फेर पुरतो. हलका म्हणजे धार मोडेल एवढाच.

फुकटचा_सल्ला
काका, ९ मिमीच्या पुंगळीसाठी ॲसिटोन आणि भिंग? तेवढ्या वेळात मी शंभर भरतो.

कॅलिपर_काका
भरा की. मोजमाप करणाऱ्याच्या पुंगळ्या आणि न करणाऱ्याच्या पुंगळ्या एकाच रेंजवर पडतात, पुढे उचलतो मात्र भगूरकर.

सातारी_बाणा
😂😂

माझं मत रीमरला. स्वस्त, ड्रिलला लावा, बसल्या बसल्या क्रिकेट बघत टोपलीभर होतात. स्वेजर बेंचला बोल्ट करा, दांडा लावा, प्रत्येक मेकसाठी परत परत बदला, कुणाला वेळ आहे?

कॅलिपर_काका
साताऱ्याशी भांडण नाही, पण दोन्हींत फरक काय तो सांगतो, मग ज्याने त्याने ठरवावं.

रीमर पितळ कापतो. स्वेजर पितळ सरकवतो. क्रिम्पची कड मुळात आत सरकवलेलीच होती, ती परत बाहेर सरकवली की पॉकेट जवळपास मूळ मापावर येतं. रीमरने कड कापली तर ती गेली ती गेली. नीट कापली तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते क्रिकेट बघताना. ड्रिल जरा तिरपं धरलं किंवा सेकंदभर जास्त दाबलं की तोंड भोकाळतं. प्रायमरला बाजूने आधार राहत नाही, वायू मागे फुटतो आणि ब्रीच फेसवर (पुंगळीचं बूड टेकतं त्या भागावर) काळे खड्डे पडतात. असे खड्डे पडलेली पिस्तुलं मी हातात घेतली आहेत.

रीमरच घ्यायचा तर खांदा असलेला घ्या, तो ठरावीक खोलीला स्वतःच थांबतो. साध्या काउंटरसिंक बिटने हे करणारे आहेत, हात बसलेला असेल तर त्यांचं चालतं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

स्नेहल_ओहायो
स्वेजरबद्दल एक भर. डिलनचा सुपर स्वेज ६०० माझ्याकडे आहे. त्यात पुंगळी एका आतल्या दांड्यावर चढते आणि समोरून बटण पॉकेटमध्ये घुसतं. म्हणजे पुंगळीच्या बुडाची जाडी दांडा आणि बटण यांच्यामध्ये येते. ही जाडी प्रत्येक मेकची वेगळी. पातळ बुडाच्या पुंगळीवर सेट केलं आणि पुढची जाड आली तर लिव्हर अडते, किंवा तोंडाला भलता फुगवटा येतो. उलट केलं तर क्रिम्प अर्धाच निघतो आणि तुम्ही म्हणता स्वेजर भंगार आहे. म्हणून हेडस्टॅम्पप्रमाणे वेगळ्या करूनच बसायचं. नाटोच्या एका बाजूला घेतल्या आणि एकदा सेट केलं की मग नुसती लिव्हर ओढत राहायचं.

ज्यांच्याकडे आधीच साधा सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारं भरायचं यंत्र) आहे त्यांना आरसीबीएसचा कॉम्बो परवडतो, तो प्रेसलाच लागतो. हळू आहे, पण पिस्तुलाच्या पुंगळ्या अशा असतातच किती? आणि डिलन १०५० किंवा ११०० वाल्यांनी या चर्चेत येऊच नये, त्यांच्या मशीनवर स्वेजिंगचं स्टेशनच आहे. जळतो आम्ही.

डेट्रॉइट_देशमुख
.४५ वाल्यांसाठी एक सूचना, धाग्याशी संबंधित आहे. .४५ एसीपीला परंपरेने मोठा प्रायमर लागतो, पण हल्ली छोट्या प्रायमरच्या पुंगळ्याही बऱ्याच येतात. सुरुवातीला बिनशिशाच्या काडतुसांत दिसायच्या, आता साध्या मालातही. बादलीत एखादी मिसळली आणि मोठा प्रायमर तिच्यावर रेटला, तर पॉकेट ‘टाइट’ असल्याचा भास होतो. भास कसला, ०.२१० इंचाची वस्तू ०.१७५ च्या भोकात घालतोय आपण! डिकॅप केल्यावर (जुना प्रायमर काढल्यावर) .४५ च्या पुंगळ्या बुडाकडून एकदा बघूनच पुढे न्याव्या.

मोठ्या रायफलचा प्रायमरही मोठ्या पिस्तुलाच्या पॉकेटात घालू नये. व्यास सारखा, पण उंची जास्त. बसल्यासारखा वाटतो आणि वर राहतो. २०२०-२१ च्या टंचाईत लोकांनी हेही करून बघितलं.

खडकी_बाजार
टंचाईचं नाव काढू नका देशमुख. तेव्हा मिळेल त्या देशाचा प्रायमर घेतला जात होता. बोस्निया, अर्जेंटिना, काय काय आलं. प्रत्येकाची मापं आणि कपाचा कडकपणा निराळा. काकांनी वर जोडीचं सांगितलं ते तेव्हा आम्हाला बोटांना कळलं.

अवांतर: बोस्नियावरून आठवलं, ज्यांच्याकडे पूर्व युरोपची लष्करी पुंगळी येते त्यांनी आत डोकावून बघावं. प्रायमरच्या रचना दोन: मध्ये एक भोक असेल तर बॉक्सर, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. बर्डनवर डिकॅपिंग पिन मोडते. मौज अशी की बॉक्सर हा वूलिचच्या शस्त्रागारातला इंग्रज अधिकारी आणि बर्डन अमेरिकन. दोघांच्या रचना १८६६च्याच. आणि आज अमेरिका बॉक्सर वापरते, तर बर्डन युरोप-आशियात रमला.

नवा_गडी_न्यूजर्सी
नमस्कार, वाचनमात्र होतो, पहिलाच प्रतिसाद. मी एच-१बी वर आहे. मित्राबरोबर रेंजवर जातो. मजा वाटते. रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरी आणल्या आहेत, पुढेमागे भरायला शिकेन म्हणून. हरकत नाही ना?

डेट्रॉइट_देशमुख
मित्रा, हरकत आहे. प्रेसचं नंतर बघू, आधी हे वाच.

फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि ॲम्युनिशन बाळगायला मनाई आहे, मोजके अपवाद सोडून. कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स हा त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद. आणि ‘ॲम्युनिशन’ची त्या कायद्यातली व्याख्या वाच: भरलेलं काडतूस तर आहेच, शिवाय पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि पावडर हे सुटे भागही आहेत. म्हणजे तुझ्या घरातल्या त्या रिकाम्या पुंगळ्याही त्यात येतात. मी वकील नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, आणि तोवर हे सामान घरात ठेवू नकोस, त्या मित्राला परत दे. ग्रीन कार्ड झालं की ये, प्रेस आम्ही शोधून देऊ.

नवा_गडी_न्यूजर्सी
बाप रे. रिकाम्या पुंगळीचं असं असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. आजच देऊन येतो. धन्यवाद दादा.

स्नेहल_ओहायो
आणि गंमत म्हणून भारतात नेण्याच्या बॅगेत टाकू नकोस हेही ऐकून ठेव. तिकडच्या आर्म्स ॲक्टच्या व्याख्येत काडतुसाचे भागही येतात. विमानतळावर तुझी आई बाहेर वाट बघत राहील आणि तू आत जबाब देत बसशील.

सोलापुरी_चादर
भारतातल्या वाचकांसाठीही: तिकडे परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हा सरळ गुन्हा आहे, १९५९च्या कायद्याप्रमाणे. हा धागा वाचून कुणी उद्योग करू नये.

भगूरकर_ऑस्टिन
शनिवार सत्कारणी लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

सीलंटवाल्या पुंगळ्या ॲसिटोनने पुसल्या. बहुतेकांखाली काहीच नव्हतं, प्रायमर नेहमीसारखा गेला. काहींखाली क्रिम्प निघाला, त्या पहिल्या ढिगात गेल्या.

तिसऱ्या ढिगात काकांची जोडीची गोष्ट तपासली. माझ्याकडे दोन मेकचे छोटे पिस्तूल प्रायमर आहेत. कॅलिपर लावला, पण खरं सांगायचं तर तो फरक माझ्या कॅलिपरच्या आवाक्यातला नाही, मायक्रोमीटर हवा. बोटांना मात्र लगेच कळला. एक मेक दोन्ही हातांनी दाबावा लागतो, दुसरा एका हाताने बसतो. पुंगळी तीच, टूल तेच. म्हणजे त्या ढिगासाठी ना रीमर लागला ना स्वेजर, डबा बदलला आणि झालं.

बसलेला प्रायमर किती खाली आहे ते बघायला डेप्थ गेज नव्हता, म्हणून खिडकीच्या काचेचा तुकडा घेतला. पुंगळी काचेवर उभी करून टिचकी मारली. डुगडुगली तर प्रायमर वर आहे. पुस्तकात ०.००३ ते ०.००५ इंच खाली हवा म्हणतात, ते माप काच सांगत नाही, पण वर राहिलेला लगेच पकडते.

पहिला ढीग बाकी आहे.

फुकटचा_सल्ला
फेका.

कॅलिपर_काका
या एका ढिगाबाबत फुकटच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, आणि हे लिहिताना त्रास होतोय. ९ मिमी इतकी मिळते की निव्वळ तिच्यासाठी स्वेजर घेणं हिशेबात बसत नाही. पुढे १० मिमी, .३८ सुपर किंवा रायफलचं २२३ भरणार असाल तर घ्या. २२३ मध्ये क्रिम्पवाला लष्करी माल ढिगाने येतो, तिथे अवजाराचे पैसे वसूल होतात.

काचेची युक्ती चांगली आहे. फक्त पुंगळीच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरने उठवलेला ओरखडा असला तरी ती डुगडुगते. नखाने चाचपून घ्या, म्हणजे चांगली पुंगळी उगाच बाद होणार नाही.

सातारी_बाणा
काका, मी अजून रीमरवरच आहे. खांदावाला आहे माझा, आणि क्रिकेट बंद करून बसतो, झालं समाधान? कित्येक वर्षं त्याच पुंगळ्या फिरवतोय, एकही प्रायमर सुटलेला नाही.

कॅलिपर_काका
मग तुमचा हात चांगला आहे, हे मान्य. प्रायमर बसताना अगदी हलका लागायला लागला की ती पुंगळी बाद करा, एवढंच.

भगूरकर_ऑस्टिन
२२३ चा विचार आहेच, एआर रायफल घेऊन वर्ष झालं. तेव्हा पहिला ढीग फेकत नाही, डब्यावर ‘नाटो, क्रिम्प’ लिहून माळ्यावर टाकतो. स्नेहलताई, तुमच्या सुपर स्वेजमध्ये छोट्या आणि मोठ्या पॉकेटची दोन्ही बटणं बरोबर येतात की वेगळी घ्यावी लागतात?

आणि चेपलेले, अर्धवट बसलेले प्रायमर असलेल्या काही पुंगळ्या पडल्या आहेत. ते जिवंत प्रायमर काढायचे कसे?

स्नेहल_ओहायो
दोन्ही बरोबर येतात. दांडे पण दोन असतात, बदलताना जोडी चुकवू नका.

जिवंत प्रायमर: पुंगळीत पावडर नाही याची आधी खात्री. प्रायमर नळी मशीनला नको, आसपास पावडरचा डबा नको. चष्मा, कानाला मफ. सिंगल स्टेजवर युनिव्हर्सल डिकॅपरने अगदी सावकाश दाबायचं. ठोका नाही, झटका नाही. पिन टेकल्याचं हाताला कळलं की तिथून पुढे नुसतं वजन टाकायचं. आपला चेहरा प्रेसच्या वर न्यायचा नाही. निघालेले प्रायमर पुन्हा वापरायचे नाहीत. तेलात बुडवून ठेवले की मरतात असं बरेच जण सांगतात, त्यावर विसंबू नका, तेल सुकल्यावर ते पेटतात. एखादा फारच वाकडा चेपलेला दिसला तर त्याच्या नादी लागू नका, ती पुंगळी वेगळी ठेवा आणि टाकायची कशी ते क्लबच्या रेंज ऑफिसरला विचारा.

भगूरकर_ऑस्टिन
दोन तसल्या आहेत. रविवारी मॅचला जाताना त्यालाच विचारतो. ताई, काका, खडकीभाऊ, आभार. फुकटचा सल्ला, तुमचेही.

फुकटचा_सल्ला
फुकट होता, आभार कसले. माळ्यावरचा डबा कंटाळून टाकणार असाल तेव्हा कळवा, मी डॅलसलाच असतो.